डिस्क प्लेअर ते रिसीव्हर: एचडीएमआय, ऑप्टिकल की सहा तारा?

आलापी

नमस्कार मंडळी,

४के ब्लू-रे प्लेअर घेतला आहे. मागे इतके सॉकेट आहेत की नेमकं काय कशाला जोडावं ते ठरत नाही. सामान असं:

प्लेअर: दोन एचडीएमआय आउट (दुसऱ्यावर ‘फक्त ऑडिओ’ असं लिहिलंय), एक ऑप्टिकल, एक कोॲक्सियल, शिवाय ७.१ ॲनालॉगचे आठ जॅक. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीहून सरस नोंदीच्या डिस्कही वाजवतो.

रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर): २००९ चा, ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर). एचडीएमआय १.३. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (ब्लू-रेवरचे आवाजाचे प्रकार) डीकोड करतो, म्हणजे उलगडतो. ऑप्टिकल इन दोन, कोॲक्सियल एक, आणि ‘मल्टिचॅनेल इन’ नावाचे सहा जॅक.

टीव्ही: ४के, एचडीआर.

स्पीकर: पुढे दोन बुकशेल्फ (कपाटावर मावणारे छोटे), एक सेंटर, मागे दोन छोटे, एक सबवूफर.

डिस्क: शंभर-सव्वाशे सीडी (बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत), मैफलींच्या डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी, आठ-दहा एसएसीडी, थोड्या ब्लू-रे.

चित्र रिसीव्हरमधून न्यावं की थेट टीव्हीला? सगळ्यांना मिळून एकच एचडीएमआय पुरेल, की सीडीला वेगळी तार लावू? प्लेअरमध्ये ‘बिटस्ट्रीम’ (दाबलेला आवाज तसाच पाठवणं) ठेवायचं की ‘पीसीएम’ (प्लेअरने उलगडून पाठवणं)? दुकानदाराचं म्हणणं, ऑप्टिकल लावा, आवाजाला तेच सर्वांत चांगलं.

---

खर्जातला षड्ज

तारेचा विचार नंतर करा. आधी हे ठरवा की आकड्यांचा आवाज कुठल्या डब्यात व्हायला हवा. डिस्कवर आकडे असतात. त्यांचं ॲनालॉगमध्ये रूपांतर प्लेअरमध्ये झालं तर पुढे लाल-पांढऱ्या तारा लागतात, रिसीव्हरमध्ये होणार असेल तर डिजिटल तार लागते. तुमच्याकडे बुकशेल्फ आणि सबवूफर आहे. म्हणजे खालचे सूर कापून सबवूफरकडे वळवणं, प्रत्येक स्पीकरचं अंतर सांभाळणं, खोलीनुसार दुरुस्ती करणं ही सगळी कामं रिसीव्हरला करायची आहेत, आणि ती तो आकड्यांवरच करतो. म्हणून तुमच्यासाठी मुख्य जोडणी डिजिटल.

चित्राचं उत्तर सोपं आहे. एचडीएमआय १.३ चा रिसीव्हर ४के पुढे पाठवू शकत नाही आणि त्यात एचडीसीपी २.२ (४के डिस्कचं कॉपी-संरक्षण) नाही. प्लेअर त्याच्यामार्फत टीव्हीला जोडलात तर ४के डिस्कचं चित्र १०८०पी वर उतरेल, एचडीआर जाईल किंवा पडदा काळाच राहील. प्लेअरला दुसरा एचडीएमआय दिलाय तो नेमका याच अडचणीसाठी.

- एचडीएमआय १ थेट टीव्हीला. केबल ‘प्रीमियम हाय स्पीड’ शिक्क्याची घ्या.
- एचडीएमआय २ रिसीव्हरच्या ‘बीडी’ किंवा ‘डीव्हीडी’ इनला. इथे घरात पडलेली साधी हाय स्पीड केबल चालेल, कारण या तारेतून आवाजासोबत फक्त काळं चित्र जातं.

ते काळं चित्र का लागतं तेही समजून घ्या, पुढे उपयोग होतो. एचडीएमआयमध्ये आवाजाला स्वतंत्र वाट नाही. चित्राच्या ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत तो बसून जातो. चित्र ४८०पी असेल तर ही जागा कमी पडते आणि ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ९६ हजार नमुन्यांचा) सहा चॅनेलचा आवाज त्यात मावत नाही. एसएसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ लावताना रेझोल्यूशन ७२०पी किंवा वर ठेवा, नाहीतर प्लेअर आवाज गुपचूप ४८ वर उतरवतो.

आता प्लेअरचे सेटिंग. ब्लू-रे आणि डीव्हीडीला ‘बिटस्ट्रीम’. पीसीएम ठेवलं तर डीकोडिंग प्लेअरमध्ये होतं. ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ दोन्ही लॉसलेस (काहीही न गाळता दाबलेले) असल्याने आकडे तेच निघतात. फरक इतकाच की बिटस्ट्रीमवर रिसीव्हरच्या डिस्प्लेवर कुठला ट्रॅक येतोय ते नावासकट दिसतं, चूक चटकन सापडते. तुमचा रिसीव्हर ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) येण्याच्या आधीचा आहे. घरगुती ॲटमॉस आलं २०१४ मध्ये. ॲटमॉसची डिस्क लावलीत तर तो ती साधी ट्रूएचडी म्हणून वाजवेल, त्यात काही बिघडत नाही.

एसएसीडीला मात्र ‘पीसीएम’ निवडा. डीएसडी (एसएसीडीवरचा मूळ आवाज) तसंच पाठवलं तर काही रिसीव्हर ते स्वीकारत नाहीत, आणि जे स्वीकारतात त्यांतले बरेच सबवूफरचं काम करायला आत शेवटी पीसीएमच करतात. प्लेअरने ते ८८.२ किलोहर्ट्झला करून दिलं की खोलीची दुरुस्ती आणि सबवूफर दोन्ही चालू राहतात.

---

पंचाहत्तर ओहम

वरच्याशी सहमत. ऑप्टिकलबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘ऑप्टिकलच सर्वांत चांगलं’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं आणि लोकांचा त्यात तोटा होतो.

ऑप्टिकलचा सॉकेट तोशिबाने १९८३ मध्ये आणला, म्हणून त्याचं नाव टॉसलिंक. त्यातून जाणारी भाषा सोनी आणि फिलिप्सने सीडीसाठी ठरवली: दोन चॅनेल. सीडीचा हिशोब ४४,१०० × १६ × २, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. एवढं आरामात जातं. पुढे डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे अनेक चॅनेलचे आवाज दाबून त्याच जागेत बसवले. डीव्हीडीवर डॉल्बी जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिट, ब्लू-रेवर ६४०, डीटीएस साधारण १,५०९. ट्रूएचडी किंवा मास्टर ऑडिओ यात मावत नाहीत. ऑप्टिकल लावलंत की प्लेअर ट्रूएचडीऐवजी सोबतचा डॉल्बी डिजिटल ट्रॅक पाठवतो आणि मास्टर ऑडिओतला फक्त डीटीएसचा गाभा. आवाज येतो, पाचही स्पीकर बोलतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

एसएसीडीचं आणखी कडक आहे. एसएसीडीचा थर वाजत असताना बहुतेक प्लेअर ऑप्टिकल आणि कोॲक्सियल दोन्ही मुके ठेवतात. हायब्रिड डिस्क (एसएसीडी आणि सीडी असे दोन्ही थर असलेली) असेल तर प्लेअरमध्ये सीडीचा थर निवडल्यावरच आवाज येतो.

कोॲक्सियल आणि ऑप्टिकल यांत आकडे सारखेच. निवड सोयीची. कोॲक्सियलला केबल ७५ ओहमची हवी, आणि जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत जी पिवळी-लाल-पांढरी केबल यायची तिच्यातली पिवळी तार ७५ ओहमचीच असते. ती लावा, नवी विकत घ्यायची गरज नाही. लाल किंवा पांढरी लावली तर मीटरभर लांबीत बहुधा चालते, लांब नेली की मधूनच ‘टक्’ करून आवाज तुटतो.

ऑप्टिकलच्या खोड्या वेगळ्या. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना काडीएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची टोपी असते. ती काढायचं राहून गेलं की प्लग आत जातो पण बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर सॉकेटचं दार तुटतं. प्लगचे चारपैकी दोन कोपरे छाटलेले असतात, ते वरच्या अंगाला आहेत की खालच्या हे सॉकेट पाहून मगच दाबा. नीट बसला की हाताला हलकासा ‘टक’ जाणवतो. प्लेअर चालू करून केबलचं दुसरं टोक पांढऱ्या कागदाजवळ धरा, लाल ठिपका उमटला पाहिजे. ठिपका मंद असेल तर केबल कुठेतरी काटकोनात दुमडलीय. कपाट भिंतीला टेकवताना हे हमखास होतं. लांबी ५ मीटरपर्यंत निर्धास्त.

तुम्हाला यातली एक तार मी तरी लावायला सांगेन: कोॲक्सियल, सीडीसाठी, रिसीव्हरच्या ‘सीडी’ इनला. एचडीएमआयवरही सीडीचे आकडे तेच जातात, त्यामुळे आवाज सुधारेल म्हणून नाही. पण रिसीव्हर प्रत्येक इनची ऐकण्याची पद्धत वेगळी लक्षात ठेवतो. ‘बीडी’ वर मल्टिचॅनेल आणि ‘सीडी’ वर स्टिरिओ एकदा लावून ठेवलं की पुन्हा बोटं चालवायला नको. एचडीएमआयची ओळख पटण्यात जाणारे दोन-चार सेकंदही वाचतात.

आणि ‘सीडी’ इनचा डीकोड मोड ‘ऑटो’ वरून ‘पीसीएम’ वर टाका. ऑटोमध्ये रिसीव्हर प्रत्येक वेळी आधी ‘हे डॉल्बी का, डीटीएस का’ पाहतो, तेवढ्यात ट्रॅकचा पहिला क्षण कापला जातो. आलापाच्या आधी तंबोरा असतो म्हणून तिथे कळत नाही. नाट्यपदाची सीडी लावून मधलाच ट्रॅक निवडा, ऑर्गनचा पहिला सूर अर्धा गेलेला ऐकू येईल. एक लक्षात ठेवा: त्या इनवर कधी डीटीएस सीडी लावलीत तर खरखर येईल किंवा काहीच येणार नाही. तेव्हा परत ऑटो करा.

---

दोनच स्पीकर

सीडीच्या बाबतीत जरा वेगळं मत मांडतो. चांगल्या प्लेअरमधला रूपांतरक २००९ च्या मधल्या किमतीच्या रिसीव्हरमधल्यापेक्षा सरस असू शकतो. शास्त्रीय गायनात गळ्याचा कण आणि तंबोऱ्याची जवारी याच दोन गोष्टी ऐकायच्या असतात. पुढच्या डाव्या-उजव्या ॲनालॉग जॅकमधून दोन तारा रिसीव्हरच्या मोकळ्या ॲनालॉग इनला लावून ऐकून तर पाहा. खर्च काहीच नाही.

पण दोन अटी पाळल्या तरच त्या तुलनेला अर्थ आहे. पहिली: रिसीव्हर ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ वर हवा. साध्या स्टिरिओ मोडमध्ये बरेच रिसीव्हर आलेला ॲनालॉग आवाज पुन्हा आकड्यांत बदलतात, त्यावर काम करतात आणि परत ॲनालॉग करतात. प्लेअरच्या रूपांतरकाचा जो फायदा हवा होता तो तिथेच संपतो. दुसरी: दोन्ही वाटांची पातळी सारखी करा. प्लेअर ॲनालॉगवर जास्तीत जास्त साधारण २ व्होल्ट देतो आणि डिजिटलपेक्षा हा आवाज बऱ्याचदा मोठा निघतो. मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. तुलनेआधी मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने फरक एका डेसिबलच्या आत आणा.

तानेवर किंवा तार सप्तकात आवाज फाटतोय असं वाटलं तर रिसीव्हरच्या मेनूत ॲनालॉग इनसाठी ‘ॲटेन्युएटर’ आहे का पाहा. काही रिसीव्हरची इन २ व्होल्टला भरून वाहते.

---

खर्जातला षड्ज

@दोनच स्पीकर, अटी अगदी योग्य सांगितल्यात. पण धागाकर्त्यांचे पुढचे स्पीकर बुकशेल्फ आहेत. डायरेक्टमध्ये सबवूफर बहुतेक रिसीव्हरवर बंद होतो, आणि डग्ग्याचा घुमारा बुकशेल्फला झेपत नाही. तबला ऐकताना ‘धा’ मधला खालचा भाग निघून जाईल. पुढचे स्पीकर मोठे, जमिनीवर उभे असते तर मीही तुमच्याच बाजूने बोललो असतो.

आणि ते मल्टिचॅनेलचे सहा जॅक. आलापी, ते मोकळेच ठेवा. एचडीएमआय नसलेल्या किंवा एचडीएमआयमधून फक्त चित्र पुढे ढकलणाऱ्या रिसीव्हरवर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ ऐकायला तोच एक मार्ग होता, त्यासाठी ते होते. त्या इनवर बहुतेक रिसीव्हर फक्त आवाज कमी-जास्त करतात. खोलीची दुरुस्ती नाही, सबवूफरला सूर वळवणं नाही, अंतर नाही. हे सगळं प्लेअरच्या स्पीकर मेनूत भरावं लागतं: पाचही स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सगळं सबवूफरकडे वळतं ती सीमा), प्रत्येकाचं अंतर. एका मीटरला आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, मागचे स्पीकर दीड मीटर जवळ असतील तर त्या हिशोबाने उशीर द्यावा लागतो. सबवूफरचं दुखणं आणखी वेगळं. ५.१ मध्ये एलएफई (सबवूफरचा स्वतंत्र) चॅनेल १० डेसिबल खाली नोंदवलेला असतो आणि वाजवताना तेवढाच वर उचलायचा असतो. एचडीएमआयवर रिसीव्हर ते आपसूक करतो. सहा तारांच्या वाटेवर ते कोणी केलं नाही तर सबवूफर पोकळ वाटतो. काही रिसीव्हरमध्ये त्या इनसाठी ०, ५, १०, १५ असा पर्याय असतो, तिथे १० निवडायचा.

इतकं जमवूनही शेवटी तुम्हाला एचडीएमआयवर मिळतंय तेवढंच मिळणार. आठ ॲनालॉग जॅकचे प्लेअर आता दुर्मीळ आहेत (ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर थांबवले त्यानंतर तर फारच), म्हणून ते जॅक पाहिले की वापरावेसे वाटतात. या सेटमध्ये गरज नाही.

एक इशारा. प्लेअरच्या त्या स्पीकर मेनूत काही भरून ठेवलं असेल तर ते आता ‘लार्ज’ आणि शून्य करा. पीसीएमवर काही प्लेअर ते सेटिंग एचडीएमआयलाही लावतात. तसं झालं की क्रॉसओव्हर दोनदा बसतो, एकदा प्लेअरमध्ये आणि एकदा रिसीव्हरमध्ये, आणि ८० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. तुमच्या एसएसीडी पीसीएमवरच वाजणार, म्हणून आवर्जून सांगितलं.

व्हीसीडीचं राहिलं. आधी प्लेअर व्हीसीडी वाचतो का बघा, अनेक नवे वाचत नाहीत. वाचत असेल तर तिचा आवाज एमपीईजी आहे, दोन चॅनेल, सेकंदाला २२४ किलोबिट. रिसीव्हर बहुधा तो ओळखत नाही. प्लेअरने पीसीएम करूनच पाठवला पाहिजे. रिसीव्हरवर प्रो लॉजिक २ (दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरवर वाटणारी पद्धत) ‘मूव्ही’ लावा. नाटकातले संवाद सेंटर स्पीकरवर येतात आणि रंगमंचाचा प्रतिध्वनी बाजूला सरतो, शब्द स्वच्छ लागतात.

---

आलापी

सगळ्यांचे मनापासून आभार. एचडीएमआय १ टीव्हीला, २ रिसीव्हरला, पिवळी तार कोॲक्सियलला, असं जोडलं. सीडी उत्तम, पहिला सूर आता कापला जात नाही. पण चार अडचणी आहेत:

१. ट्रूएचडी लिहिलेली ब्लू-रे लावली तरी रिसीव्हरवर ‘डॉल्बी डी’ दिसतं.
२. एसएसीडीवर फक्त दोन स्पीकर वाजतात.
३. मैफलीच्या डीव्हीडीत आवाज चित्राच्या किंचित पुढे आहे.
४. सगळं जोडल्यापासून स्पीकरमधून बारीक ‘घुं’ येतं. कुठलंही इन निवडलं तरी.

---

खर्जातला षड्ज

१. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. ते चालू असताना मेनूचे टकटक आवाज मुख्य ट्रॅकमध्ये मिसळावे लागतात, आणि मिसळलेलं बिटस्ट्रीम म्हणून पाठवताना प्लेअर ते पुन्हा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबतो. तरीही तेच दिसलं तर एचडीएमआय १ वरचा आवाज बंद करा. काही प्लेअर दोन्ही वाटांवर आवाज चालू असला की टीव्हीला जेवढं समजतं तेवढंच दोघांनाही देतात. शिवाय डिस्कच्या मेनूत भाषा कुठली आहे ते पाहा. इंग्रजी ट्रॅक लॉसलेस आणि हिंदी साधा डॉल्बी, असं अनेकदा असतं.

२. प्लेअरमध्ये ‘एसएसीडी प्रायॉरिटी’ शोधा. तिथे मल्टिचॅनेल, स्टिरिओ आणि सीडी असे तीन पर्याय असतात. बदलल्यावर डिस्क बाहेर काढून परत घाला. सगळ्या एसएसीडीवर मल्टिचॅनेलचा भाग नसतो, तो असल्याची खूण डिस्कच्या वेष्टनावर असते.

३. हे चित्र थेट टीव्हीला नेल्याचा परिणाम. टीव्ही चित्रावर काम करायला वेळ घेतो आणि रिसीव्हरला ते कळायला मार्ग नाही. टीव्हीवर ‘गेम’ किंवा तत्सम मोड न लावता रिसीव्हरचा ‘ऑडिओ डिले’ ६० मिलिसेकंदांवर ठेवून सुरुवात करा आणि दहा-दहाने सरकवा. ओठ पाहून ठरवू नका. डग्ग्यावरचा हात जवळून दाखवलेला प्रसंग शोधा आणि सम पडताना पाहा. बोटं टेकणं आणि आवाज एकत्र आले की तो आकडा पक्का. हा डिले फक्त ‘बीडी’ इनला लागतो की सगळ्यांना, हे रिसीव्हरवर अवलंबून आहे.

---

पंचाहत्तर ओहम

चौथ्याबद्दल. कुठल्याही इनवर येतंय म्हणजे अर्थिंगचं वर्तुळ (दोन वेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे, आणि संशय आधी टीव्हीच्या केबलवर. सेट-टॉप बॉक्सला येणारी गोल वायर बाहेरून, इमारतीच्या दुसऱ्या अर्थिंगवरून येते. पूर्वी टीव्ही आणि रिसीव्हर जोडलेले नव्हते, आता प्लेअरच्या दोन एचडीएमआय केबलींच्या आवरणांतून ते जोडले गेले. खात्री अशी करा: सगळं चालू ठेवून ती गोल वायर बॉक्सच्या मागून सोडवा. ‘घुं’ थांबला तर कारण तेच.

मग आधी टीव्ही, बॉक्स, प्लेअर, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. नाही गेलं तर त्या गोल वायरीवर बॉक्सच्या आधी आयसोलेटर (विजेची जोडणी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा जोड) लावा. तुमचं कनेक्शन केबलवाल्याचं असेल तरच. घरावर छत्री असेल तर साधा आयसोलेटर चालणार नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) लागणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा त्याच वायरीतून वर जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. तिथे छत्रीची वायर घरात शिरते त्या जागी तिचं आवरण घराच्या अर्थिंगला जोडून घ्यावं लागतं, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

रिसीव्हरच्या किंवा सबवूफरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आवाज जातो हे खरं, पण आत कधी शॉर्ट झालं तर पत्र्याच्या खोक्यात २३० व्होल्ट येतात आणि त्याला जमिनीत जायला वाट उरलेली नसते.